टीव्ही-टेलिफोनची जुनी पेटंटं कशी वाचायची

टीव्ही किंवा टेलिफोनमध्ये मायक्रोप्रोसेसर आणणाऱ्या एखाद्या संशोधकाचं काम समजून घ्यायचं असेल, तर आधी त्याची पेटंटं उघडा. मी स्वतः सर्किट डिझाइन करतो आणि मला पाठ्यपुस्तकांपेक्षा या कागदांनी जास्त शिकवलं आहे.

गूगल पेटंट्सवर नाव शोधताना मधलं आद्याक्षर घालून आणि गाळून, दोन्ही प्रकारे शोधा. १९७६ च्या आधीच्या अमेरिकी पेटंटांचा मजकूर स्कॅनवरून यंत्राने वाचलेला असतो, त्यात नावांची अक्षरं बिघडतात. नावाने हाती लागलं नाही तर पेटंटांच्या विषयवार वर्गीकरणावरून जा: टीव्हीला एच०४एन (H04N), टेलिफोनला एच०४एम (H04M).

पहिल्या पानावर कंसात बारीक आकडे दिसतील. त्या काळच्या अमेरिकी पेटंटांत ७५ म्हणजे संशोधक, ७३ म्हणजे हक्क ज्याच्याकडे गेले तो (बहुतेकदा कंपनी), २२ अर्जाची तारीख आणि ४५ मंजुरीची. नुसत्या मंजुरीच्या तारखेवरून कोण पहिला ते ठरवू नका. गिल्बर्ट हायट यांचं एका चिपवरच्या कॉम्प्युटरचं पेटंट १९९० मध्ये मंजूर झालं, पण त्याची मुळं १९७० च्या अर्जात होती. पुढे १९९६ मध्ये पेटंट कार्यालयाने अग्रक्रमाच्या, म्हणजे आधी कोणी शोधलं याच्या, वादात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या गॅरी बून यांच्या बाजूने निर्णय दिला. हा सगळा झगडा तारखांचाच होता.

मग थेट शेवटी जा, दाव्यांकडे. कायद्याने हक्क मिळतो तो तेवढ्याचाच. दावा क्रमांक एक दोनदा वाचा. 'दावा १ मधील यंत्रणा, जिच्यात...' अशी सुरुवात असलेले दावे पहिल्या वाचनात सोडले तरी चालतात. वर्णनाची भाषा कंटाळवाणी असते, म्हणून ते सलग वाचू नका. आकृतीतला क्रमांक धरून मजकुरात तोच क्रमांक शोधत जा.

खरा ऐवज फ्लोचार्टमध्ये, म्हणजे यंत्राने कोणत्या क्रमाने काय करायचं ते बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीत असतो. समजा फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणाऱ्या यंत्राचं पेटंट आहे. अमेरिकी पद्धतीत ही माहिती पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे येते, सेकंदाला १२०० बिट या वेगाने. एक म्हणजे १२०० हर्ट्झ, शून्य म्हणजे २२०० हर्ट्झ. आता फ्लोचार्टवर बोट ठेवून चाला. रिंग आली का? आली तर किती वेळ थांबायचं? माहिती आलीच नाही तर? मधेच कुणी रिसीव्हर उचलला तर? माहिती बरोबर आली का ते तपासणारी शेवटची बेरीज जुळली नाही तर स्क्रीनवर काय दाखवायचं? 'नाही'कडे जाणारे बाण मी सगळ्यात आधी बघतो. प्रत्यक्ष लाइनवर काय काय बिघडतं हे त्या संशोधकाला किती ठाऊक होतं, ते तिथे कळतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत मंजूर झालेल्या अमेरिकी पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे. तेव्हा आवडलेला फ्लोचार्ट आजच्या साध्या मायक्रोकंट्रोलरवर उतरवून बघा. मूळ मेमरी किती होती तेही मजकुरात शोधा. इंटेलच्या ८०४८ या चिपमध्ये प्रोग्रॅमला १०२४ बाइट आणि कामापुरती ६४ बाइट रॅम, एवढंच असायचं. तेवढ्यात बसवायचा प्रयत्न केलात की संशोधकाने एखादी पायरी का गाळली ते आपोआप उमगतं.

उरलं ते पहिल्या पानावरच्या ५६ क्रमांकाखाली: आधीच्या पेटंटांची यादी. त्यातलं सगळ्यात जुनं उघडा आणि पुन्हा दाव्यांपासून सुरुवात करा.