व्हिएतनामची पहिली सहल: तिकिटाआधी हे ठरवा

आधी महिना ठरवा, मग शहरं. देश उत्तर-दक्षिण लांबलचक असल्यामुळे सगळीकडे एकाच वेळी चांगली हवा क्वचितच मिळते. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर लक्षात घ्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य भागातल्या दा नांग आणि होई आनला पावसाचा जोर असतो. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं. तेव्हा उत्तरेतलं हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग एवढंच करा. उत्तर, मध्य, दक्षिण असे तिन्ही भाग पाहायचे तर मार्च उत्तम.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. एका प्रवेशाला 25 डॉलर, अनेक प्रवेशांना 50. मधे कंबोडियात अंगकोर वाट पाहून व्हिएतनामला परतायचं असेल तर अनेक प्रवेशांचाच घ्या. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट भरा. ते गाळलं की चेक-इनलाच अडकू शकता. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी.

भाड्याची दुचाकी टाळा. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या करारानुसार मिळतो, व्हिएतनाम 1968 चा मानतो. म्हणजे अपघात झाल्यास विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो. शहरात ग्रॅब (ॲपवरून गाडी बोलावण्याची सेवा) पुरेसं आहे.

शाकाहारींनी ‘Chay’ (म्हणजे शाकाहारी) हा शब्द लक्षात ठेवावा. ही पाटी असलेल्या खानावळीतच जा. इतरत्र भाजीतही अनेकदा माशाचा सॉस असतो.

पैसे देताना शून्यं मोजा: 20 हजार आणि 5 लाख डाँगच्या नोटा दोन्ही निळसर असतात.