लिनक्सवर डेस्कटॉप कसा निवडावा : तीन लिप्यांत लिहिणाऱ्या घरासाठी

विंडोज १०ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत धडधाकट चालणाऱ्या जुन्या संगणकाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेली कितीतरी यंत्रे त्यात बसत नाहीत. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालण्याचे ठरवले की पहिल्याच वळणावर गोंधळ होतो, कारण येथे पडद्याचे रूप एकच नसते. विंडोजमध्ये स्टार्ट मेनू, खालची पट्टी, खिडक्या आणि सेटिंग्ज हे सारे प्रणालीबरोबर ठरूनच येते. लिनक्समध्ये हा सगळा संच ‘डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ या नावाने वेगळा असतो, आणि तो ज्याने त्याने निवडायचा असतो.

बहुतेक मार्गदर्शक लेख ही निवड देखणेपणावर किंवा हलकेपणावर करायला सांगतात. ज्या घरात आईशी मराठीत, दुकानदाराशी गुजरातीत, बँकेशी इंग्रजीत आणि ग्वाल्हेरच्या नातेवाइकांशी हिंदीत पत्रव्यवहार चालतो, तेथे निवडीची सुरुवात कीबोर्डापासून करावी, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. पुढील क्रम त्याच मताने लावला आहे. उदाहरण म्हणून दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात राहणारे एक निवृत्त शिक्षक घेतो; सगळा वाडा त्यांना ‘सर’ म्हणतो. त्यांच्या लॅपटॉपसाठी ही निवड मी त्यांच्या शेजारी बसून केली.

पहिली पायरी : संगणक कोण वापरणार आणि कशासाठी, ते कागदावर लिहावे

हे काम दहा मिनिटांचे आहे आणि नेमके तेच वगळले जाते. सरांच्या कागदावर पाच गोष्टी आल्या : वाड्याच्या सभासदांना गुजरातीत सूचना लिहिणे, मराठीत आठवणी लिहिणे, बँकेचे खाते पाहणे, अमेरिकेतल्या नातीशी व्हिडिओवर बोलणे आणि अधूनमधून छापणे. खाली त्यांनी स्वतःहून एक ओळ जोडली : ‘अक्षर मोठे हवे.’ पुढे निवडीला खरे वळण दिले ते या ओळीने.

येथेच एक गैरसमज दूर करावा. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी ही सॉफ्टवेअरे कोणत्याही डेस्कटॉपवर तशीच चालतात. वायफाय आणि छपाईयंत्र चालणे-न चालणे हे मुख्यतः कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) यांवर अवलंबून असते. छपाई होत नाही म्हणून डेस्कटॉप बदलणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची छपाई नंतरही झाली नाही.

दुसरी पायरी : यंत्राची ताकद पाहावी, पण तिचा बाऊ करू नये

रॅम किती आहे आणि साठवण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आहे की एसएसडीवर, एवढे कळले तरी पुरे. रॅम २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई या डेस्कटॉपांपलीकडे पाहू नये (या नावांची ओळख पुढच्या पायरीत आहे). ४ जीबी असल्यास एक्सएफसीई, माटे किंवा सिनॅमन यांवर काम ठीक चालते, आणि ८ जीबी असल्यास ताकदीच्या कारणाने कोणताही पर्याय बाद होत नाही. हलका डेस्कटॉप काही शे एमबी वाचवतो हे खरे, परंतु ब्राउझरमध्ये आठ-दहा पाने उघडली की ती बचत तेथेच खर्च होते. संगणक सुरू व्हायला तीन-चार मिनिटे घेत असेल, तर हलक्या डेस्कटॉपच्या शोधात आठवडा घालवण्यापेक्षा फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. सरांच्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर सर्वांत मोठा फरक याच एका बदलाने पडला.

तिसरी पायरी : दोनच नावे निवडावीत

मुख्य डेस्कटॉप सहा-सात आहेत आणि प्रत्येकाच्या जन्मकथेत त्याचा स्वभाव दिसतो. केडीईची घोषणा जर्मनीतील माथियास एट्रिश यांनी १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केली (विंडोज १०चा आधार बरोबर त्याच तारखेला संपावा, हा मजेदार योगायोग). आज प्लाझ्मा या नावाने ओळखला जाणारा हा डेस्कटॉप प्रथमदर्शनी विंडोजसारखा वाटतो आणि त्यात जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलता येते. ज्याला असे बदल करण्याची हौस आहे त्याच्यासाठी तो उत्तम. ज्याच्याकडून चुकून खालची पट्टी काढली जाईल आणि मग संध्याकाळी फोन येईल, त्याच्यासाठी जरा विचार करावा.

ग्नोमची सुरुवात १९९७ साली मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी केली. एप्रिल २०११ मध्ये आलेल्या ग्नोम ३ने खालची पट्टी आणि जुना मेनू काढून टाकला व सारे काम एका ‘ॲक्टिव्हिटीज’ दृश्यात आणले. अनेकांना हा बदल रुचला नाही, आणि त्या नाराजीतून दोन नवे डेस्कटॉप जन्मले. ग्नोम २ जशाच्या तसा जपणारा माटे अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने सुरू केला आणि त्याला तिकडच्या पेयाचे नाव दिले. तर लिनक्स मिंट या तयार लिनक्स प्रणालीच्या चमूने नव्या पायावर जुन्या पद्धतीची मांडणी करून सिनॅमन घडवला. त्यामुळे विंडोज ७ किंवा १०ची सवय असलेल्या माणसाला माटे आणि सिनॅमन लगेच ओळखीचे वाटतात. ग्नोम मात्र नव्याने शिकावा लागतो. ज्याने आजवर फक्त मोबाइल वापरला आहे अशा तरुणाला तो उलट सोपा जातो, हे मी दोनदा पाहिले आहे.

एक्सएफसीई १९९६ पासून आहे. तो साधा आहे, वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही आणि जुन्या यंत्रावर निमूटपणे चालतो. एलएक्सक्यूटी त्याहून हलका आहे, पण त्याच्या सेटिंग्ज अनेक ठिकाणी विखुरल्या आहेत.

यांतून दोन नावे घ्यावीत. तिसरे घेतले की निर्णय लांबतो. सरांसाठी मी सिनॅमन आणि एक्सएफसीई घेतले.

चौथी पायरी : बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे

लिनक्स मिंट सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्यांत मिळते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत मुळात ग्नोम येतो आणि कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू या भावंडांत अनुक्रमे प्लाझ्मा, एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी. निवडलेल्या दोन्हींच्या आयएसओ फाइली (संपूर्ण प्रणाली सामावलेल्या फाइली) उतरवून घ्याव्यात. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हे साधन बसवले, की दोन्ही फाइली एकाच पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी करून ठेवता येतात आणि संगणक सुरू होताना कोणती चालवायची ते विचारले जाते. व्हेंटॉय बसवताना पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, म्हणून लग्नाचे फोटो आधी काढून ठेवावेत.

अशा चाचणीत डिस्कवर काही लिहिले जात नाही, आणि संगणक बंद केला की केलेले बदलही जातात. पेनड्राइव्हवरून प्रणाली मंद चालते, त्यामुळे वेगाचा निवाडा येथे करू नये. कागदावर लिहिलेली कामे मात्र एकेक करून पाहावीत, आणि ती ज्याचा संगणक आहे त्यानेच करावीत. आपण शेजारी बसून हात मागे बांधावेत. सर ‘बंद करायचे बटण कुठे आहे?’ असे किती वेळा विचारतात, ते मी नुसते मोजत होतो.

पाचवी पायरी : कीबोर्डाची परीक्षा घ्यावी

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने मांडलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेचा एक गुण बडोद्यात फार कामाला येतो. भारतीय लिप्यांसाठी तिची मांडणी सामाईक आहे. इंग्रजी ‘के’ची कळ मराठीत ‘क’ देते आणि गुजरातीतही ‘क’च देते; ‘ळ’ दोन्हीकडे शिफ्ट धरून ‘एन’वर मिळतो. एकदा मराठी टंकलेखन हाताला बसले, की गुजराती वेगळे शिकावे लागत नाही. फक्त लिपी बदलायची असते. ज्यांना इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहिण्याची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्स या साधनांमार्फत फोनेटिक पद्धतीही मिळतात. डेस्कटॉपांमधला खरा फरक येथे पुढे येतो.

ग्नोममध्ये आयबस आतच जोडलेले असते. सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात मराठी आणि गुजराती जोडावी, सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली) आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की भाषा बदलते. इतकी विनासायास सोय दुसरीकडे नाही, हे ग्नोमच्या टीकाकारांनीही मान्य करावे. प्लाझ्मामध्ये पडदा रेखाटण्याच्या नव्या वेलँड पद्धतीवर फोनेटिक लेखन हवे असल्यास एफसीआयटीएक्स आधी बसवून सेटिंग्जमधील व्हर्च्युअल कीबोर्ड विभागात ते निवडावे लागते, आणि ही जागा सांगितल्याशिवाय सापडत नाही. एक्सएफसीईमध्ये कीबोर्डच्या लेआउट टॅबमधून इन्स्क्रिप्टसारख्या रचना थेट जोडता येतात. मात्र वेलँडआधीच्या जुन्या एक्स११ पद्धतीत एका वेळी चारच रचना चालतात. इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी जोडली की चारही जागा भरल्या. मराठी आणि हिंदी एकाच रचनेत लिहिता येतात, म्हणून हिंदी वेगळी न जोडणे बरे.

चाचणीत पुढील तीन गोष्टी अवश्य कराव्यात. एक, ‘दुसऱ्या तऱ्हेचे ॲप आणि ऑफिसातली बाळे’ अशी ओळ लिहून पाहावी. ‘ऱ्य’, ‘ऱ्हे’, ‘ॲ’, ‘ऑ’ आणि ‘ळ’ हे सगळे तीत येते, आणि जे उमटत नाही ते लगेच दिसते. दोन, प्रत्येक खिडकीसाठी भाषा वेगळी लक्षात ठेवण्याची सोय शोधावी. ग्नोम, प्लाझ्मा आणि एक्सएफसीई या तिन्हींत ती आहे. डावीकडे मराठी आठवणी आणि उजवीकडे गुजराती सूचना उघडी असताना या सोयीने फार त्रास वाचतो. तीन, पडदा लॉक करून पुन्हा पासवर्ड लिहून पाहावा. मराठी चालू असताना पडदा बंद झाला तर काही ठिकाणी पासवर्डही मराठीत पडतो, टिंबे दिसत असल्यामुळे चूक कळत नाही, आणि माणूस पासवर्ड विसरलो असे समजून घाबरतो. माझ्या आत्याने अशी एक अख्खी दुपार घालवली. भाषांच्या यादीत इंग्रजी सर्वांत वर ठेवावी आणि लॉकच्या पडद्यावर भाषेचे चिन्ह कोठे दिसते ते वापरणाऱ्याला बोट ठेवून दाखवावे.

संपूर्ण पडदा मराठीत करण्याचा मोह अनेकांना होतो. करून जरूर पाहावा, पण मेनूचा काही भाग मराठीत आणि काही इंग्रजीत अशी सरमिसळ दिसेल. मुख्य भाषा इंग्रजी ठेवून लेखन मराठीत करणे मला अधिक सुटसुटीत वाटते.

सहावी पायरी : अक्षराचा आकार

तरुणांनी ही पायरी वाचली नाही तरी चालेल. नुसती अक्षरे मोठी करण्याची सोय सर्वत्र आहे. मात्र सव्वापट किंवा दीडपट अशा प्रमाणात चिन्हांसह सगळेच मोठे करायचे असेल, तर प्लाझ्मा सर्वांत नीटनेटका आहे आणि सिनॅमनमध्येही ती सोय आहे. एक्सएफसीई या बाबतीत मागे पडतो. सरांच्या कागदावरच्या शेवटच्या ओळीने एक्सएफसीई बाद झाला तो येथे.

सातवी पायरी : बसवावे, आणि भेसळ टाळावी

एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप बसवता येतात आणि लॉगिनच्या पडद्यावर कोणता चालवायचा ते निवडता येते. मी स्वतःच्या संगणकावर एकाच खात्यात ग्नोम आणि प्लाझ्मा एकत्र ठेवले होते. मेनूत दोन टर्मिनल, दोन फाइल-व्यवस्थापक आणि दोन सेटिंग्ज दिसू लागल्या, एकाची रंगसंगती दुसऱ्यात उतरली, आणि पासवर्ड सांभाळणारी दोन वेगळी साधने आळीपाळीने कुलूप उघडायला सांगू लागली. दुसरा डेस्कटॉप पाहायचाच असेल तर त्यासाठी वेगळे वापरकर्ता-खाते उघडावे. म्हणजे एकाच्या सेटिंग्ज दुसऱ्याला लागणार नाहीत. कायमचा बदल करायचा झाल्यास घरच्या फाइलींची प्रत बाहेर काढून, त्या डेस्कटॉपसह येणारी आवृत्तीच नव्याने बसवावी.

सरांच्या लॅपटॉपवर सिनॅमन बसवला. खालच्या पट्टीवर ब्राउझर, लिबरऑफिस रायटर आणि व्हिडिओ-संवादाचे सॉफ्टवेअर अशी तीनच चिन्हे ठेवली आणि त्यांच्या शेजारी भाषेचे चिन्ह. भाषा बदलण्याच्या कळा कागदाच्या पट्टीवर लिहून ती पडद्याच्या कडेला चिकटवली. पहिल्या आठवड्यात त्यांनी पाण्याच्या टाकीच्या साफसफाईची सूचना गुजरातीत छापून जिन्यात लावली. तिच्या खालची सही मात्र मराठीत टंकलेली होती, कारण शेवटच्या ओळीआधी कळ कधी दाबली गेली ते त्यांना कळलेच नाही. तेव्हापासून त्यांनी ती सही तशीच ठेवली आहे.