कोल्हापूर सावकाश बघायचं तर: सहा जणांची, सहा दिवसांची आखणी

कोल्हापुरात येणाऱ्या बहुतेक गाड्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहाटे अंबाबाईचं दर्शन, मग जोतिबा, दुपारी पन्हाळा, संध्याकाळी रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा आणि निघता निघता महाद्वार रोडवर चप्पल खरेदी. एवढ्यात गाव बघून होतं, पण गावातली माणसं आपापल्या कामात असलेली बघायची राहून जातात. कोल्हापूर आणि आजूबाजूचा मुलूख कामाचा आहे. इथं गूळ शिजतो, चप्पल शिवली जाते, हुपरीत चांदी घडते, पहाटे पोरं लाल मातीत उतरतात. या प्रत्येक कामाची एक वेळ आहे आणि ती पाहुण्यांसाठी मागेपुढे होत नाही. म्हणून सहल आखताना ठिकाणांची यादी बाजूला ठेवा, आधी वेळा गोळा करा. खालची सगळी आखणी त्यावरच बेतलेली आहे.

आधी महिना ठरवा

डिसेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळं पेटतात आणि साधारण मार्चपर्यंत चालतात. थंडी असते, त्यामुळे पायी फिरता येतं. किरणोत्सव बघायची इच्छा असेल तर त्याच्या तारखा ठरलेल्या आहेत: ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत पोहोचतात. ढग आला तर किरणं अडतात, हे मनाशी धरून या. गर्दी भरपूर असते, म्हणून किरणोत्सव सहलीच्या एका टोकाला ठेवा आणि बाकीचे दिवस मोकळे राहू द्या.

जुलै-ऑगस्ट टाळा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराचा सखल भाग आणि शिरोळ तालुक्यातली कितीतरी गावं पाण्याखाली होती. पाऊस धरला की पंचगंगेच्या काठच्या लोकांचं लक्ष पाण्याच्या पातळीकडे असतं, तेव्हा पाहुण्यांचं ओझं त्यांच्यावर नको. नवरात्रात भक्तीसाठी जरूर या, पण ती सहल वेगळी.

सहाच जण का

सहा माणसं दोन रिक्षांत बसतात. खानावळीत एका टेबलाभोवती मावतात. चप्पल शिवणाऱ्याच्या दहा-बाय-दहाच्या खोलीत सहा जण उभे राहिले तरी त्याचा हात अडत नाही. बारा जण शिरले की तो काम थांबवून पाहुण्यांकडे बघत बसतो आणि त्याची मजुरी बुडते. आठपर्यंत ठीक. त्यापुढे गेलात तर मोठी गाडी लागते, आणि मोठी गाडी पेठांच्या गल्ल्यांत शिरत नाही.

निघण्याआधी सगळ्यांनी एकदा बसून तीन गोष्टी ठरवा. हिशेब एकाकडे. फोनवर ओळखी काढणं आणि वेळ मागणं दुसऱ्याकडे. आणि चालण्याचा वेग गटात जो सगळ्यात हळू चालतो त्याचा. ही तिसरी गोष्ट आधी बोलून घेतली नाही तर दुसऱ्याच दिवशी गटाचे दोन तुकडे होतात.

वारांचं गणित

मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचे, रविवार जोतिबाचा, गुरुवार आणि पौर्णिमा नृसिंहवाडीची. त्या त्या वारी तिथं गर्दी. तेव्हा सोमवारी सकाळी पोहोचा आणि शनिवारी निघा. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी थेट शाहू टर्मिनसवर सोडते. स्वतःच्या दोन गाड्या आणण्यापेक्षा ते बरं, कारण शहरात गाडी लावायला जागा शोधण्यातच तुमचा निम्मा जीव जाईल.

मुक्काम हायवेवर घेऊ नका. बिंदू चौक, मंगळवार पेठ, शिवाजी पेठ या भागात साधं लॉज किंवा घरगुती सोय बघा. देऊळ, भवानी मंडप, खासबाग, चप्पल लाइन, सगळं पायाखाली येतं. पाचही रात्री एकाच ठिकाणी राहा. चादरी-टॉवेल रोज बदलू नका म्हणून आधीच सांगा, प्रत्येकाकडे पाण्याची बाटली आणि कापडी पिशवी असू द्या.

सोमवार: माप द्या, मग फिरा

पहिलं काम चपलेचं. तयार जोडी कधीही मिळते, पण पायाच्या मापाची हवी असेल तर माप पहिल्याच दिवशी द्या आणि कारागीर सांगेल तितके दिवस त्याला द्या. शनिवारपर्यंत झाली तर उत्तम, नाहीतर मागून पाठवायला सांगा.

दुकानातून विचारत विचारत कारागिराच्या खोलीपर्यंत जा. सुभाषनगर, जवाहरनगर भागात हे काम चालतं. अस्सल जोडी झाडाच्या सालीनं कमावलेल्या कातड्याची असते. बाभळीची साल आणि हिरडा त्यासाठी वापरतात. तळ जाड कातड्याचा, बाजूला कान, पुढं अंगठा, वर वेणी. शिवण चामड्याच्या वादीची, खिळ्याचं नाव नाही. वेणी गुंफायचं बारीक काम बऱ्याच घरांत बायका करतात, आणि दुकानात उभं राहणाऱ्याला त्यांचे हात कधी दिसत नाहीत. म्हणून भाव करण्याआधी एक वेणी पुरी होईपर्यंत तिथं बसा. नंतर भाव करावासा वाटत नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यामुळे अथणी-निपाणीकडची जोडी खोटी म्हणू नका. खोटी ती, जिचं कातडंच कातडं नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये अशाच घाटाच्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता झळकल्या आणि इथं लोक खवळले. त्या रागाला काही अर्थ राहायचा असेल तर पैसे शिवणाऱ्याच्या हातात पोहोचले पाहिजेत.

दुपारी टाउन हॉल संग्रहालय. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची, पोसायडनची कांस्यमूर्ती तिथं आहे. मूर्ती लहान आहे, पण दोन हजार वर्षांमागं या गावाचा व्यापार कुठवर पोहोचला होता ते तिच्यावरून कळतं. सुट्टीचा वार आधी विचारून जा. संध्याकाळी रंकाळ्यावर चाला, आणि रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्या.

मंगळवार: वाडी आणि खिद्रापूर

अंबाबाईच्या गर्दीच्या दिवशी शहराबाहेर. मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं जयसिंगपूर गाठा, तिथून एसटी किंवा रिक्षा. नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर थोडा वेळ बसा, कवठाची बर्फी घ्या, मग खिद्रापूर. खिद्रापूरला एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, तेव्हा परतीची गाडी वाडीतच ठरवून घ्या.

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, आणि मधोमध छताला मोठं गोल तोंड, थेट आभाळाला उघडं. बरोब्बर त्याच्याखाली गोल शिळा आहे. त्रिपुरी पौर्णिमेला इथं चंद्र बघायला झुंबड उडते. आडवारी सकाळी उशिरा गेलात तर उन्हाचा गोल खांबांवरून आणि फरशीवरून सरकताना दिसतो. तो बघायला निदान दीड तास तरी हातात ठेवा. बाहेरचा हत्तींचा थर बसून, एकेक हत्ती वेगळा बघा. कित्येकांच्या सोंडा फुटलेल्या आहेत, तरी प्रत्येकाची ठेवण निराळी. गावातलं आदिनाथांचं जैन मंदिरही बघून या.

बुधवार: पहाट

पहाटे अंबाबाई, आणि तिथून तालीम. तालमीत जायचं तर आदल्या दिवशी वस्तादांना भेटून परवानगी घ्या. काही तालमींत बायकांना हौदापाशी, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यापाशी, जाऊ देत नाहीत, काही ठिकाणी मुलीही कुस्ती शिकतात. आधी विचारलं की पहाटे कुणाचा अपमान होत नाही. पायताण बाहेर, फोन खिशात. हौदातली माती ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली असते, तिचा वास दारातच लागतो. एक पैलवान दुसऱ्याच्या पाठीवर मूठभर माती टाकतो आणि लढत सुरू होते. पुढं खासबाग मैदान बघा. १९१२ साली शाहू महाराजांनी उभं केलेलं हे मैदान असं उतरतं आहे की कुठंही बसा, आखाडा डोळ्यांसमोर येतो.

सकाळची न्याहारी मिसळ. इथं ती पावापेक्षा ब्रेडबरोबर देतात, आणि वर कट, म्हणजे तिखट रस्सा, मागितला की मिळतो. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, कुणी हसत नाही. मग दुपार मोकळी सोडा. झोपा. हा मोकळा अर्धा दिवस आखणीतून काढू नका; मधे अशी विश्रांती नसली की चौथ्या दिवशी माणसं चिडचिडी होतात.

गुरुवार: गुऱ्हाळ

अख्खा दिवस द्यावा असं एकच काम मला वाटतं, ते हे. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत नदीकाठच्या गावांमधून गुऱ्हाळं आहेत, पण कमी होत चालली आहेत. ओळखीशिवायही जाता येतं. दारात उभं राहून म्हणायचं, “काका, बसून बघितलं तर चालेल का?” “या की, बसा,” हेच उत्तर बहुधा मिळतं, आणि हातात उसाच्या रसाचा पेला.

सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे एक काहील, रस उकळायची मोठी कढई, पहिल्यापासून बघता येते. घाण्यातला रस हौदात, हौदातून काहिलीत. खाली चुलवाण, आणि त्यात वाळलेली चिपाडं सारत बसलेला जाळव्या. ऊस स्वतःच्या चिपाडावरच शिजतो, बाहेरचं सरपण फारसं लागत नाही. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतात. मग दोन-अडीच तास नुसतं उकळणं. फेस पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस होतो, बुडबुडे मोठे होतात. गूळ शिजवणारा गुळव्या तिथून हलत नाही. तो काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी करून बघतो आणि मान हलवतो: अजून नाही. पुन्हा टाकतो. गोळी जमली की आरोळी होते, काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ जागेत, रिकामी होते आणि सगळ्यांची एकदम धावपळ उडते, कारण गूळ घट्ट व्हायच्या आत तो घोटून साच्यात भरायचा असतो. अशा वेळी मधे उभं राहू नका. उकळता पाक अंगावर उडाला तर कातडी निघते. लहान मुलं बरोबर असतील तर काहिलीपासून चांगली लांब बसवा.

बघायचे पैसे कुणी घेत नाही, देऊ केले तर वाईट वाटतं. गूळ आणि काकवी विकत घ्या, सहा जणांनी मिळून चांगली मोठी ढेप उचला. पिवळाधमक गूळ मागू नका. तो रंग बहुतेक वेळा रसायनाचा असतो, आणि गिऱ्हाईक पिवळा मागतं म्हणून गुऱ्हाळवाल्याला तो करावा लागतो. काळपट तांबूस घ्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालं आहे, तरी बाहेरगावचा गूळ याच नावानं विकला जातो, म्हणून इथंच घेण्याला किंमत आहे.

शुक्रवार: पन्हाळा, पायी

सकाळच्या एसटीनं वर जा, गड चालत फिरा. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, अंधारबाव. शिवाजी महाराज १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून जुलैच्या पावसात याच गडावरून विशाळगडाकडे निसटले. अंबरखान्याची धान्यकोठारं आतून बघितली की वेढा इतके महिने कसा सोसला ते समजतं. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. गडावर वस्ती आहे, तेव्हा दुपारचं जेवण तिथल्याच घरगुती सोयीत झुणका-भाकरीचं करा. प्लॅस्टिक खाली परत आणा. राधानगरी-दाजीपूर या फेरीत कोंबू नका, त्या जंगलासाठी वेगळी सहल करा.

शनिवार

चप्पल ताब्यात घ्या. नवी जोडी चावते. आतून तेल लावून रात्रभर ठेवा, पहिले काही दिवस घरातच घाला आणि पाण्यापासून जपा. कारागीर, गुळव्या, वस्ताद यांचे फोटो काढले असतील तर आठवडाभरात छापून पोस्टानं पाठवा, मोबाइलवर पाठवलेले फोटो महिन्याभरात हरवतात. गुऱ्हाळवाल्यांचा नंबर घेऊन ठेवा आणि पुढच्या दिवाळीनंतर वर्षाचा गूळ थेट त्यांच्याकडूनच मागवा.