लहान स्वयंपाकघरात सुट्या भागांची कपाटे जोडताना

सुट्या भागांची कपाटे जोडणे म्हणजे मुख्यतः स्क्रू पिळणे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात स्क्रू पिळण्यात फारसा वेळ जात नाही. वेळ द्यावा लागतो तो मोजमापाला आणि कामाचा क्रम ठरवण्याला. स्वयंपाकघर लहान असेल तर हे अधिकच खरे, कारण चुकलेले कपाट फिरवायला, आडवे करायला किंवा पुन्हा बाहेर काढायला तिथे जागाच नसते.

खोकी उघडण्यापूर्वी जमीन तपासावी. ती सहसा पूर्ण समपातळीत नसते. एका लांब सरळ पट्टीवर पाणसळ ठेवून, जिथे कपाटे उभी राहणार आहेत तिथली सर्वांत उंच जागा शोधावी आणि ओट्याची उंची, जी साधारणपणे ८५० ते ९०० मि.मी. असते, त्या जागेपासूनच मोजावी. कपाटाचे पाय पिळून उंच करता येतात. पण ते पूर्ण आत गेल्यावर कपाट आणखी खाली आणता येत नाही. मग कपाटांच्या वरच्या कडेची पातळी दाखवणारी रेघ सगळ्या भिंतींवर पेन्सिलने ओढावी आणि पुढचे प्रत्येक माप या रेघेवरूनच घ्यावे.

जोडणी शक्यतो शेजारच्या मोकळ्या खोलीत करावी. मात्र जोडलेले कपाट दारातून आत जाईल ना, हे आधी मोजावे. उंच कपाटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. २१०० मि.मी. उंच आणि ६०० मि.मी. खोल कपाट जमिनीवर आडवे जोडून उभे करताना त्याचा कर्ण छताखालून फिरतो, आणि तो सुमारे २१८४ मि.मी. भरतो. छत त्याहून खाली असेल तर कपाट २१०० मि.मी. असूनही उभे राहणार नाही. अशा वेळी ते उभ्यानेच जोडावे लागते.

आता खोके, म्हणजे कपाटाचा दारांशिवायचा सांगाडा. प्रथम लाकडी खुंट्या आणि कॅमचे खिळे बसवावेत; कॅम म्हणजे पिळल्यावर खिळ्याचे डोके पकडून दोन फळ्या आवळणारी छोटी गोल चकती. कॅम छिद्रात ठेवताना त्याच्या तोंडावरचा बाण खिळा ज्या बाजूने आत येणार त्या बाजूकडे असावा, नाहीतर खिळ्याचे डोके कॅममध्ये अडकतच नाही. दोन्ही फळ्या कडेला कड भिडेपर्यंत हाताने दाबाव्यात आणि मगच कॅम साध्या पेचकसाने पिळावा. हाताला घट्टपणा जाणवला की थांबावे. इथे ड्रिल मशीन वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला भुसाच. त्यातले छिद्र एकदा फुटले की स्क्रू पुन्हा तितका पक्का धरत नाही.

मागची पातळ फळी किरकोळ वाटते, पण खोक्याला काटकोनात धरून ठेवते ती तीच. ती ठोकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. ६०० मि.मी. रुंद आणि ७२० मि.मी. उंच खोक्याचा प्रत्येक कर्ण सुमारे ९३७ मि.मी. भरला पाहिजे. एक कर्ण मोठा आला, तर त्याच्या दोन टोकांचे कोपरे एकमेकांकडे दाबून दोन्ही मापे सारखी करावीत आणि मग ही फळी पक्की करावी. दारे नीट न लागण्याची बरीचशी तक्रार इथेच मिटते.

भिंतीवरची कपाटे आधी टांगावीत, म्हणजे खाली ओटा नसताना भिंतीला लागून उभे राहता येते. छिद्रे पाडताना स्विचच्या आणि नळाच्या सरळ रेषेतली वरची, खालची व बाजूची जागा टाळावी, कारण तारा आणि नळ्या बहुधा त्याच रेषांत गेलेल्या असतात. स्क्रू धरून ठेवण्यासाठी छिद्रात बसवायचा प्लग भिंतीच्या प्रकाराला साजेसा निवडावा.

खालची कपाटे कोपऱ्यापासून सुरू करावीत. कोपऱ्यात भरणीची पट्टी, म्हणजे तिथली मोकळी फट झाकणारी पट्टी, सोडावी. दाराची मूठ जितकी पुढे येते त्याहून ती थोडी अधिक रुंद असावी. जागा वाचावी म्हणून मी एकदा ही पट्टी गाळली. कोपऱ्यालगतचा खण शेजारच्या मुठीला अडून जेमतेम चार बोटे उघडत असे, आणि अखेर ती पूर्ण रांग सोडवून पुन्हा बसवावी लागली. शेजारशेजारची खोकी समोरच्या कडा जुळवून शिकंज्यात धरावीत आणि मग स्क्रूने जोडावीत. स्क्रू दोन फळ्यांच्या एकत्रित जाडीपेक्षा थोडा आखूडच हवा.

सिंकखालच्या कपाटात नळ्यांसाठी कापलेल्या प्रत्येक कडेला आतून सिलिकॉन लावावे. पाणी शिरून फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही.

दारे सर्वांत शेवटी, ओटा बसल्यावर लावावीत, कारण ओट्याच्या वजनाने कपाटे किंचित दबतात. बिजागरीचा दाराजवळचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर, आणि बिजागरी कपाटाच्या बाजूला धरणाऱ्या बूडपट्टीचे स्क्रू सैल केले की ते वर-खाली होते. एका वेळी एकच स्क्रू अर्धा वळसा फिरवावा, दार लावून फट पाहावी आणि मगच पुढच्या स्क्रूला हात लावावा.