ट्राउटसाठी घडीची रॉड घेताय? आधी सॅक मोजा

पहिल्यांदाच सांगून टाकतो, ट्राउट मासा आपल्या नाशकात नाही. गंगापूर, दारणा, मुकणे, कुठल्याही धरणावर गळ टाका, रोहू कटला तिलापिया लागेल पण ट्राउट नाही, कारण त्याला थंडगार वाहतं पाणी लागतं, साधारण २० डिग्रीच्या वर गेलं की तो कासावीस होतो. म्हणजे हिमाचल, काश्मीर. आम्ही गेलो हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात, नाशिकरोडहून ट्रेनने दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने औट, मग बंजार, गुशैनी, आणि पुढे पाठीवर सॅक घेऊन पायी. एवढ्या प्रवासात गळाची लांब रॉड कुठे आडवी ठेवणार, सांगा.

म्हणून रॉड बघायच्या आधी टेप घ्या आणि सॅक मोजा. ४५-५० लिटरच्या सॅकमध्ये उभी जागा साधारण ६० सेंटीमीटर मिळते, आणि विमानाने जाणार असाल तर केबिन बॅग बहुतेक ठिकाणी ५५ सेंटीमीटरची. दोन तुकड्यांची ६ फुटी रॉड बंद केल्यावरही ९० च्या पुढे राहते, ती बाद. साडेसहा फुटाची चार तुकड्यांची घेतली तर एक तुकडा ५२-५३ सेंटीमीटरचा पडतो, आत मावते. पण दुकानदार रॉडची लांबी सांगतो, ती ठेवायच्या नळीची नाही! सोबतची नळी चार-पाच सेंटीमीटर जास्त असते, तिचं माप वेगळं विचारा.

आता टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या भागांची रॉड. पहिली मी हीच घेतली होती, ऑनलाइन, स्वस्त, बंद केली की हातभर, दिसायला एकदम भारी. तीर्थनच्या काठावर वाळूत टेकवली, बारीक कण सांध्यात गेले आणि तिसरा भाग जो अडकला तो अडकलाच, वरचं टोक फिरलं, दोरी ओवायच्या कड्या एका रेषेत येईनात, आणि आमचे मेहुणे शेजारी बसून चहा पीत विचारतायत, "काय दाजी, छत्री उघडेना का?" धरणावर कधीमधी टाकायला ठीक आहे ती, पण लांब जाणार असाल तर चार-पाच तुकड्यांचीच घ्या. एखादा तुकडा मोडला तरी नेमका काय मोडला ते तरी कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हँडलच्या वर बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाचा. तिथे आमिषाचं वजन असतं, ग्रॅममध्ये. डोंगरातल्या ओढ्यात ट्राउटसाठी आपण २ ते ५ ग्रॅमचे छोटे स्पिनर नाहीतर चमचे (धातूची चमकणारी आमिषं) टाकतो, त्यामुळे रॉडवर २-७ किंवा ३-१० असं काहीतरी हवं. २०-६० लिहिलेली समुद्रावरची रॉड असेल तर ती एवढ्याशा वजनाने वाकतच नाही, आणि रॉड वाकली नाही तर आमिष पायापुढेच पडतं. लोक इथेच फसतात, "मजबूत आहे साहेब" म्हणून जाडजूड दांडका घेऊन येतात. ट्राउट काही म्हैस नाही. रीळ १००० किंवा २००० साइजचं, आणि तंगूस (गळाची नायलॉन दोरी) ४ ते ६ पौंडाचा, बास.

लांबी ६ ते साडेसहा फूट पुरते कारण काठाला झाडं, वर फांद्या, मधे मोठाले धोंडे, मागे हात फिरवायलाच जागा नसते. फ्लाय फिशिंग (जड दोरीने हलकी पिसांची माशी फेकायची पद्धत) करायचं असेल तर हिशोब वेगळा, तिथे साडेआठ-नऊ फुटाची ४ किंवा ५ वेटची (हा दोरीच्या वजनाचा नंबर) लागते आणि ९ फुटाची चार तुकड्यांत केली तरी ७० च्या वर जाते, म्हणजे सॅकच्या बाहेर बांधायची. नवीन असाल तर स्पिनिंगनेच, म्हणजे वर सांगितलेल्या रॉड-रीळ-स्पिनरनेच सुरुवात करा.

हातात आली की जोडून बघा. सांधे घट्ट बसले पाहिजेत पण पूर्ण एकमेकांना चिकटून नकोत, थोडी फट राहिली तर चांगलंच, पुढे झिजून बसायला जागा राहते. हलवल्यावर टकटक वाजली तर परत करा. प्रत्येक कडीतून कापूस फिरवा, धागा अडकला म्हणजे आतल्या रिंगेला तडा आहे आणि तो तडा तंगूस कापणार.

सोबतची नळी फालतू असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप कापून घ्या, दोन झाकणं लावा, तुकडे जुन्या मोज्यांत घाला. दिसायला गटाराचा पाइप दिसतो, पण बसच्या टपावर टाकला तरी चिंता नाही.

आणि जायच्या तारखा बघा आधी, हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट बंद असतो, इतर वेळी मत्स्य विभागाचं लायसन्स घ्यावं लागतं. नॅशनल पार्कच्या आत गळ टाकायचा विचारसुद्धा नको.

निघायच्या आधी दोन-चार रविवार धरणाच्या बॅकवॉटरला सराव करा, पण तिथे मच्छीमार संस्थेचा ठेका असू शकतो, विचारून घ्या. घरी आल्यावर सांधा सुटेना असं होतंच. तेव्हा रॉड गुडघ्यांच्या मागे आडवी धरा, सांधा बरोबर मधोमध, दोन्ही हात गुडघ्यांच्या बाहेरून, आणि गुडघे हळूहळू फाकवा, हाताने पिरगळू नका. घरचे हसतील, हसू द्या, सांधा सुटतो.