परदेशातल्या बसला एसटी समजू नका, वडाप समजा: बॅकपॅकिंगमधल्या या चुका टाळा

व्हिएतनामच्या वायव्येला, लाओसच्या सीमेजवळ असलेल्या दिएन बिएन फूच्या बसस्थानकात आम्ही सकाळी सव्वादहाला उतरलो, तेव्हा लाओसची बस जाऊन चार-पाच तास झाले होते. खिडकीतल्या बाईंनी हवेत बोटानं घड्याळाचे काटे फिरवून साडेपाच दाखवले, मग तळहात गालाखाली धरून झोपायची खूण केली. म्हणजे उद्या. मित्र पाठीवरची सॅक खाली टाकत म्हणाला, "भावा, पहाटे चारला कोल्हापुरात तावडे हॉटेलपाशी उतरवलं असतं तरी परवडलं असतं. रिक्षा तरी मिळते तिथं."

चूक बसची नव्हती. आमचा बेत कोल्हापुरात, चहाच्या टेबलावर, मोबाइलच्या नकाशावर आखलेला. हनोई ते दिएन बिएन फू साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईला जाताना पावणेचारशे पडतात, म्हणजे वर दीड-दोन तास धरले की झालं! मधे फा दिन नावाचा 32 किलोमीटरचा घाट आहे, हे नकाशावर बोट फिरवताना कळत नाही. पावसाळ्यात करूळ घाटात दरड आली की गगनबावड्याचं काय होतं हे आपल्याला माहीत असतं, पण परदेशात गेलं की ते शहाणपण घरीच राहतं. उत्तर व्हिएतनामात जून ते सप्टेंबर हा दरडींचा काळ. त्या दिवसांत पोचण्याची वेळ विचारूच नका. "काल किती वाजता पोचली?" असं विचारा. या प्रश्नाला माणसं खरं उत्तर देतात.

दुसरी चूक तिकिटाची. हनोईच्या जुन्या पेठेत एका एजंटानं पडदे लावलेल्या चकचकीत बसचा फोटो दाखवला आणि पुढची लाओसची बस "नक्की मिळेल" म्हणून सांगितलं. चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि एक फोन नंबर. रात्री आली ती बस वेगळीच, आणि नंबर सकाळी कुणी उचलला नाही. वायव्येकडच्या बऱ्याच बस मि दिन बसस्थानकातून सुटतात. तिथल्या खिडकीवर स्वतः जाऊन तिकीट काढलं असतं, तर लाओसच्या बसचं सांगणारा माणूस तरी खरा भेटला असता. जायच्या गावाचं नाव तिथल्या लिपीत कागदावर लिहून न्या. आपला उच्चार त्यांना कळत नाही, त्यांचा आपल्याला.

बसमध्ये चढायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो काढा. रात्री दोन वाजता ढाब्यासारख्या ठिकाणी एकाच रंगाच्या तीन बस ओळीनं उभ्या असतात. तुमचे बूट चढतानाच काढून पिशवीत घेतलेले, पायात ढाब्याच्या सपाता, आणि झोपेत सगळ्या बस सारख्या दिसतात. स्लीपरमधे तीन रांगा असतात, पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात घालायचे. पाच फूट आठच्या वरचा माणूस रात्रभर गुडघे मोजतो. मोठी सॅक डिकीत गेली की सकाळपर्यंत मिळत नाही, म्हणून स्वेटर, औषधं, चार्जर आणि आलेपाकाच्या वड्या हातातल्या पिशवीत. वड्यांचं मी गमतीनं सांगत नाहीये. घाट लागला की क्लीनर प्लास्टिकच्या पिशव्या वाटतो, त्यातली एकही वाया जात नाही.

आता ज्यात खरं नुकसान होऊ शकतं, ते. व्हिसा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा 15 ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांपर्यंत मिळतो. पण अर्जात ज्या तारखा भराल त्याच धरल्या जातात, आणि तो ठरावीक नाक्यांवरच चालतो. काटकसर म्हणून अनेक जण अगदी मोजून दिवस घेतात आणि शेवटच्या दिवशी सीमा ओलांडायचं ठरवतात. आमचे चार दिवस शिल्लक होते, म्हणून बस चुकल्यावर फक्त वैताग झाला. त्याच दिवशी व्हिसा संपत असता तर मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा दंड आणि साहेबासमोर खुलासा. सीमेच्या आधी निदान दोन दिवस मोकळे ठेवा.

व्हिसा सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत येण्यापुरता असेल तर आणखी जपून. व्हिएतनामचा बाहेर पडल्याचा शिक्का बसला की परतीची वाट बंद. ताय त्रांग या व्हिएतनामच्या नाक्यापासून लाओसच्या नाक्यापर्यंत मधे काही किलोमीटर नुसता डोंगर आहे. पुढे अडलं तर मागे जाता येत नाही. भारतीयांना लाओसचा व्हिसा पोचल्यावर मिळतो, त्यासाठी फोटो आणि रोख डॉलर लागतात. नोटा कोऱ्या ठेवा, मधे घडी पडलेली नोट उलटसुलट करून बघतात. लाओसचा ई-व्हिसा सगळ्याच नाक्यांवर चालत नाही. घरबसल्या काढून निर्धास्त होण्याआधी आपला नाका यादीत आहे का ते बघा.

नोटांवरून आठवलं. व्हिएतनामची 20 हजारांची आणि 5 लाखांची नोट, दोन्ही निळसर. पहाटेच्या अंधारात टॅक्सीवाल्याला देताना शून्यं मोजा. दोन्ही नोटा एकाच कप्प्यात ठेवू नका.

अडकलोच, तर "न्या न्गी" अशी पाटी शोधायची, म्हणजे आपलं लॉज. स्टँडच्या आसपास मिळतंच. तिथं नोंदीसाठी पासपोर्ट ठेवून घेतात, त्यात वावगं काही नाही. आम्ही मात्र तो रात्री परत घ्यायला विसरलो. पहाटे पावणेपाचला खाली आलो तर शटर बंद, लॉबीत ओळीनं लावलेल्या मोटरसायकली, आणि त्यांच्यामागे खाटेवर मच्छरदाणीत मालक घोरत पडलेला. पासपोर्ट त्याच्या उशाशी असलेल्या ड्रॉवरमधे. दहा मिनिटं आम्ही "हॅलो, हॅलो" करत होतो, शेवटी मित्रानं एका मोटरसायकलचा हॉर्न वाजवला. तेव्हा पैसे आणि पासपोर्ट दोन्हीचा हिशोब रात्रीच उरका.

फुकट गेलेल्या त्या दिवसात आम्ही ए-वन टेकडी चढलो. 1954 मधे 56 दिवसांच्या लढाईनंतर 7 मे रोजी फ्रेंच इथं शरण आले. टेकडीखाली सुरुंग लावून, जवळपास एक टन स्फोटकं उडवून पाडलेला खड्डा अजून आहे. व्हिएतनामींनी तोफा सुट्या करून दोरांनी ओढत डोंगरावर चढवल्या होत्या. कोल्हापूरच्या माणसाला तिथं पन्हाळा आठवणारच. फरक एवढाच की तिथं वेढ्यातले हरले, आपल्याकडे वेढा घालणारा सिद्दी जौहर हात चोळत बसला.

दुसऱ्या दिवशीची बस साडेपाचला सुटली खरी, पण गावाबाहेर थांबून टपावर प्लायवूड चढलं, मधल्या वाटेत तांदळाची पोती आली, पोत्यांवर दोन माणसं. मला चीड यायला लागली, आणि मग एकदम उलगडा झाला: हे वडाप आहे, आपल्याकडची सीट भरली की सुटणारी खासगी गाडी! मालाच्या भाड्यावर गाडी चालते, आपण त्यातलंच एक पोतं. वडापवाल्याला कुणी टाइमटेबल विचारतं का? भरली की सुटते. हे एकदा डोक्यात बसलं की त्या दिवसाला पुढचं हॉटेल बांधायचं नाही, हे आपोआप कळतं. आमची लाओसमधल्या लुआंग प्रबांगची खोली पैसे परत न मिळणारी होती.

लाओसमधे ही बस जाते त्या मुआंग खुआला उतरून नाम ऊ नदीतून होडीनं थेट लुआंग प्रबांग गाठायचं, असं जुनी प्रवासवर्णनं सांगतात. नदीवर धरणं झाल्यापासून तसं सलग जाता येत नाही. व्हॅननं उदोमसाय गाठा. तिथून डिसेंबर 2021 मधे सुरू झालेली रेल्वे आहे, तासाभरात लुआंग प्रबांग. स्टेशन मात्र गावाबाहेर आहे, आत जाताना सामानाची तपासणी होते आणि गाडी वेळेवर सुटते. दोन दिवस वडापची सवय झालेले आम्ही तिथं रमतगमत गेलो, आणि डोळ्यांसमोर फाटक बंद झालं.