मरतूक नाही, वाढही नाही : कोळंबीच्या तळ्यावरची माझी पहिली दोन पिकं

परवा रात्री साडेअकराला कॉलेजच्या ज्युनियरचा मेसेज आला : "ताई, पीसीआर निगेटिव्ह आलाय. उद्या बीज सोडू ना?" सोबत कोळंबीच्या बीजाच्या, म्हणजे पिल्लांच्या, रोगतपासणीच्या रिपोर्टचा फोटो. तो मोठा करून पाहिला आणि पोटात गोळा आला. अगदी असाच कागद चार वर्षांपूर्वी मी बांधावर उभी राहून शेठना वाचून दाखवला होता, तोही आनंदाने. त्याला तेव्हाच फोन करून थांबवलं. बाकीच्यांसाठी हे लिहितेय.

रत्नागिरीच्या शिरगावहून बी.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदवी) करून मी पालघरकडच्या खाजणातल्या एका फार्मवर टेक्निशियन म्हणून लागले. हेक्टरभराची तळी, व्हॅनामी जातीची कोळंबी, चौरस मीटरला 40 पिल्लं, म्हणजे एका तळ्यात 4 लाख. (नियमाने 60 पर्यंत टाकता येतात. पहिल्या वर्षी त्या आकड्याकडे बघूसुद्धा नका.) पीएच, क्षारता, अमोनिया तुम्हाला येतं, त्यावर वेळ घालवत नाही. पहाटे चारचा ऑक्सिजन मात्र स्वतः मोजा. वहीतला आकडा रखवालदाराने अंथरुणात बसूनही लिहिलेला असू शकतो.

पंचेचाळिसाव्या दिवशी पाग (फेकायचं जाळं) टाकला तेव्हाच दिसायला हवं होतं. एकाच पागात एक करंगळीएवढी, दुसरी आगकाडीपेक्षा थोडी मोठी. साठाव्या दिवशी सरासरी वजन 6 ग्रॅम. तोवर दहाच्या वर हवं होतं. पण मेलेली एकही नाही. बांधाच्या कडेला नाही, चेक ट्रेत (खाणं किती संपलं ते बघायच्या ताटात) नाही. शेठ म्हणाले, "मरत नाहीत ना? मग वाढतील." मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

रोग म्हणजे मरतूक, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. व्हाइट स्पॉट हा विषाणूचा रोग शिरला की तीन ते दहा दिवसांत तळं रिकामं. 1994-95 नंतर त्याने पूर्व किनाऱ्यावरची टायगर कोळंबी कशी झोपवली, ते आपण परीक्षेत लिहिलेलं असतं. त्यामुळे डोळे फक्त मेलेलं शोधतात. ईएचपी सहसा मारत नाही. हा सूक्ष्म परजीवी 2009 मध्ये थायलंडच्या टायगर कोळंबीतून नोंदला गेला. तो यकृत-स्वादुपिंडाच्या पेशींत घर करतो. कोळंबी खाते, पण अंगाला लागत नाही.

मी काय केलं? फीड वाढवलं. ट्रे साफ होतोय म्हणजे भूक आहे, असा हिशेब. निम्म्याहून जास्त खर्च फीडचाच, आणि तो मी तळाशी गाळ करून साठवत होते. पंधरा दिवसांत वाऱ्याच्या टोकाच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा तरंगायला लागली. कोळंबी उजेडात धरली तर आतड्याची काळी रेघ मध्येच तुटलेली, कवच बोटाने दबणारं.

मग पावडरवाले आले. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही, आधीच सांगते. प्रोबायोटिक वाईट नसतं, तळ आणि पाणी सुधारायला मीही वापरते. पण जो माणूस तळ्यात हात न घालता 'इम्युनिटी बूस्टर' लिहून देतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. नॉर्वेत सालमनला लस टोचून अँटिबायोटिक जवळपास संपवलं, पण कोळंबीला आपल्यासारखी अँटिबॉडीच नसते, त्यामुळे तो रस्ता इथे नाही. आणि कुणी हळूच अँटिबायोटिक सुचवलं तर तिथून उठा. परजीवीवर त्याचा उपयोग शून्य, मालात औषधाचा अंश सापडून तो परत येतो, आणि तुमचं नाव खराब होतं ते वेगळंच.

शेवटी कोळंबी लॅबमध्ये दिली. ईएचपी पॉझिटिव्ह.

मग बीजाचा रिपोर्ट पुन्हा काढला. त्यावर ठळक 'निगेटिव्ह' होतं, ते खरंही होतं. पण डावीकडच्या रकान्यात एकच नाव होतं : डब्ल्यूएसएसव्ही, म्हणजे व्हाइट स्पॉटचा विषाणू. ईएचपी तपासलाच नव्हता! कुणी फसवलं नाही. मी वाचलं नाही. म्हणून आधी डावा रकाना वाचा : काय तपासलं? मग तारीख. मग टाकी क्रमांक, तुमचं बीज त्याच टाकीतलं आहे का? मग नमुन्यात पिल्लं किती? लागण 2 टक्के असेल तर ती हाती लागायला साधारण 150 पिल्लं लागतात. वीस-पंचवीस पिल्लांच्या निगेटिव्हवर मी आता झोपत नाही. लागण हलकी असेल तर पिल्लांत ती सुटूही शकते, म्हणून तिसाव्या दिवशी तळ्यातल्या कोळंबीची तपासणी पुन्हा करा. पैसे वाचवायचे तर मोबाइलच्या रिचार्जवर वाचवा.

दुसरं पीक तर मी हातानेच घालवलं. पाण्याला ब्लीचिंग दिलं, बीज तपासून आणलं, तरी पन्नासाव्या दिवशी तेच. कारण ईएचपीचे बीजाणू मातीत होते, आणि त्यांना कळीचा चुना लागतो, हेक्टरी 6 टन. तळ वाळवायचा, चुना पसरून 10 ते 12 सेंटिमीटर नांगरायचा, मग माती ओली करायची. पीएच 12 पर्यंत चढला तरच काम झालं. आम्ही 'चुना' मागवला आणि दुकानदाराने शेतीला टाकतात ती चुनखडीची पावडर पाठवली. तिने पीएच तेवढा चढतच नाही. ओळख सोपी आहे : बादलीत खडा टाका, पाणी घाला. फसफसून वाफ आली, बादली हाताला गरम लागली तर तो कळीचा. आमची बादली थंड राहिली असती, पण मी बादली घेतलीच नव्हती. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला फडकं बांधूनच हे करा, माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

घाबरवतेय असं वाटत असेल तर तसं नाही. दोन पिकं घालवूनही मला कुणी काढलं नाही. शेठ आठवडाभर बोलले नाहीत, मग स्वतःच डबा घेऊन तळ्यावर आले. शिकवलं मात्र आंध्रातल्या भीमावरमच्या एका अण्णाने. दहावी नापास माणूस, पण आठवड्यातून दोनदा पाग टाकून प्रत्येक कोळंबी उजेडात धरून बघायचा. पीपीटीवाल्या सल्लागारांपेक्षा असा एक धरा. माझी नोंदवही त्याच्याच पद्धतीची आहे : सरासरी वजनाशेजारी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठीचं वजन. ते अंतर वाढायला लागलं की फीड वाढवायचं नाही, लॅबला फोन करायचा.

तिसऱ्या पिकाला साठाव्या दिवशी 11 ग्रॅम मिळाले. तेही चारपैकी तीनच तळ्यांत. चौथ्याची माती अजून मला पटत नाही, म्हणून तिथे यंदा जिताडा मासा सोडलाय. त्याला ईएचपीचं काही नाही, पण मोठा पोरगा लहानाला गिळतो, त्यामुळे दर काही दिवसांनी सगळे उपसून आकाराप्रमाणे वेगळे करावे लागतात. आज तेच करून आलेय, हाताला वास अजून आहे.